बॅटरीचा करंट जिना चढत नाही

जाऊबाई, रविवारी भर दुपारी लाईट गेली. तुम्ही गेल्यानंतरची ही पहिलीच. तेराव्यापर्यंत वीज कंपनीनंही बहुतेक तुमचा धाक धरला होता, कारण एवढ्या उन्हाळ्यात एकदाही गेली नव्हती. रविवारी मात्र गेली, आणि तुमच्या कॅलेंडरमागचं गुपित फुटलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मास्तरीण, लिहितीस काय, खाली ये अन् तोंडानं सांग." खाली आता तुम्ही नाही, तेव्हा लिहिण्यावरच भागवते.

भेटायला येणारी माणसं तुमच्याबद्दल काय काय बोलतात, ते ऐकायला तुम्ही हव्या होतात. कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "किती शांत स्वभाव!" मी दोनदा फोटोकडे बघून खात्री केली की आपण योग्य घरात बसलोय. आणखी एक जण म्हणाली, "दोघी जावा अगदी सख्ख्या बहिणींसारख्या." मी मान हलवली. आपलं विळ्या-भोपळ्याचं सख्य आख्ख्या गल्लीनं कान टवकारून ऐकलेलं आहे, पण तेराव्याच्या जेवणात कोण खरं बोलतं?

आपल्या चुली वेगळ्या झाल्या त्या कणकेवरून. मला सकाळी सातची शाळा, म्हणून मी रात्रीच कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवायची. तुम्ही पिशोरच्या, शेताच्या मालकाच्या घरात वाढलेल्या. तुम्ही तो डबा उघडला, वास घेतला आणि जाहीर केलंत, "शिळ्या कणकेच्या पोळ्या या घरात व्हायच्या नायत." मी म्हणाले, "मग सकाळी पाचला तुम्ही मळा." तुम्ही म्हणालात, "कानामागून आली अन् तिखट झाली." आठवडाभरात मी वरच्या मजल्यावर गॅस मांडला. भाऊ-भाऊ दोघंही मधे पडले नाहीत. भाऊजी पेपर वाचत राहिले आणि आमचे हे वाळूजला कंपनीत निघून गेले. त्यानंतर कितीतरी महिने आपण एकमेकींशी फक्त नळाला पाणी आल्यावर बोलत होतो, तेही ओरडून: "आलं का वर?" आणि "नाही आलं!"

मग तुमच्या डोक्यात सोलर शिरलं. गल्लीत पहिलं सोलर आपल्याच छतावर आलं पाहिजे म्हणून तुम्ही भाऊजींच्या मागं लागलात, आणि पॅनल बसले त्या दिवशी गच्चीवर हळदीकुंकू ठेवलंत. भर उन्हात! बायका पदर डोक्यावर ओढून पॅनलना कुंकू लावतायत, खाली हॉलमध्ये पन्हं तयार, पंखे गरगरतायत, आणि तुम्ही प्रत्येकीला सांगताय, "हा वारा आपल्या सूर्याचा." तेवढ्यात लाईट गेली. तुम्ही हसून म्हणालात, "जाऊ द्या, आपल्याला काय फरक?" आणि पंखे थांबले.

त्या सोलरवाल्याचे हाल मी विसरणार नाही. तो बिचारा सांगत होता, "आपा, ये ऐसाइच रहता. लाईट गई तो ये बी बंद." तुम्ही वर बोट केलंत. "सूर्य गेला का? तो हाय ना तिथं? मंग हे वर काय पापड वाळत घातलेत?" शेवटी मीच खाली येऊन समजावलं, की तारांवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छतावरून झटका बसू नये, म्हणून लाईट गेली की हे सोलर आपोआप बंद पडतं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू तो नियम मीच केला होता. बायका पन्हं पिऊन, पदरानं वारा घेत निघून गेल्या. जाताना एकीनं विचारलं, "कुंकू पुसून टाकायचं का हो पॅनलवरचं?" त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तुमचा एकच धोशा, बॅटरी पाहिजे. मी सांगून पाहिलं, की आपली जास्तीची वीज दिवसा कंपनीकडे जाते आणि संध्याकाळी तीच आपण परत घेतो, वेगळी साठवायची गरज नाही. तुम्ही म्हणालात, "म्हंजे आपलं पाणी दुसऱ्याच्या माठात ठेवायचं, अन् तहान लागली की त्याच्या दारात जाऊन हुबं राहायचं?" आठवड्यातून कधीतरी नळाला पाणी येणाऱ्या गावात राहून याला उत्तर देणं अवघड होतं. घरात दोन टाक्या, चार पिंपं, झाडून सगळ्या कळश्या, पातेली आणि तुमच्या योगेशच्या लहानपणीचा टबसुद्धा भरून ठेवणारी बाई तुम्ही. टाकीशिवायचा नळ तुम्हाला पटणार नव्हता आणि बॅटरीशिवायचं सोलरही. पिशोरच्या शेतातल्या आल्याच्या पिकाचा तुमचा वाटा हाती आला आणि जिन्याखाली बॅटरी आली. सोबत तिच्याशी जुळणारा नवा इन्व्हर्टर आला. इंजिनिअर झालेल्या योगेशनं पुण्यातून फोनवर बघता येईल अशी काहीतरी सोय केली, बॅटरी किती भरली, किती उतरली ते.

आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा मला फोन, "काकू, आई संध्याकाळी काय करते? बॅटरी रोज तळाला जाते." मी खाली डोकावले. हॉलमधला पंखा चालू, स्वयंपाकघरातला चालू, ज्या खोलीत कुणी नाही तिथला चालू, मिक्सर नुसताच घरघरतोय, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून मधोमध उभ्या. पाण्याच्या दिवशी तुम्ही कालचं पाणी कुंड्यांना ओतून ताजं भरता, अगदी तसंच. "जुना करंट काढून टाकतीय," तुम्ही म्हणालात. "सकाळी ताजा भरंल."

मी तिथंच पायरीवर बसून हसले. कित्येक महिन्यांनंतर तुमच्यासमोर हसले असेन. मग शिकवणं हा माझा दोष असल्यामुळे शिकवलं, की वीज शिळी होत नाही. कालची काय, परवाची काय, सारखीच. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "म्हंजे करंट शिळा होत नाय. अन् कणीक?" मी म्हणाले, "कणीक होते, पण फ्रिजमध्ये एका रात्रीत..." "झालं तर मंग," तुम्ही म्हणालात, "शास्त्राच्या मास्तरणीनं कबूल केलं." तो वाद अजून मिटलेला नाही, जाऊबाई. एका रात्रीत कणकेला काहीही होत नाही. आता तुम्हाला उलट बोलता येत नाही म्हणून हे पुन्हा सांगून घेते.

पण माझा धडा तुम्ही जरा जास्तच मनावर घेतलात. शिळा होत नाही म्हटल्यावर तुम्ही करंट साठवायलाच लागलात. "वेळवखताला असू दे." बॅटरी कायम भरलेली. लोणच्याच्या बरणीलासुद्धा तुमच्याकडे एवढी इज्जत नव्हती. लाईट गेली तर एक ट्यूब आणि एक पंखा, तोही हॉलमधला. योगेश फोन करून सांगायचा, "आई, वापर गं, उद्या परत भरणारच आहे." तुम्ही त्याला विचारलंत, "तू तिथनं माझं घर बघतो व्हय?" आणि त्याला दिसू नये म्हणून इन्व्हर्टरवर टॉवेल टाकलात. इन्व्हर्टर तापला, किंचाळायला लागला, भाऊजी धावत आले. टॉवेल काढला आणि तुम्ही त्या यंत्राला म्हणालात, "चुगलखोर!"

आता मुख्य गोष्ट. बॅटरी आल्यावर पहिल्यांदा लाईट गेली ती दुपार. वर आमच्याकडे सगळं ठप्प आणि खालून पंख्याचा आवाज. मी जिना उतरून आले. तुम्ही मेथी निवडत होता. मी विचारलं, "जाऊबाई, वरचं काहीच चालू नाही झालं?"

तुम्ही मान वर केली नाहीत. "नाय चढत."

"काय?"

"करंट. बॅटरीचा करंट हाय हा, कंपनीचा नव्हं. त्याला प्रेशर नसतंय. नळाचं पाणी तरी चढतं का तुझ्या मजल्यावर, मोटार लावल्याबिगर?"

मी वर्षानुवर्षं दहावीच्या मुलांना विद्युतधारा शिकवते. माझं तोंड उघडलं. तुम्ही मेथीची एक जुडी माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, "बस. पंखा हाय." मी तोंड मिटलं आणि बसले. गरम होत होतं, एवढंच कारण होतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

त्या दिवसापासून लाईट गेली की वरचा मजला खाली यायचा. आमची मयूरी उड्या मारत आधी यायची, मग मी. आमचे हे सुरुवातीला स्वाभिमानानं वर घामाघूम होत बसले. मग तुम्ही भजी तळायला घेतलीत. मिक्सरला बंदी होती, कढईला नव्हती. वास जिना चढला, त्याला प्रेशरची अडचण आली नाही, आणि हे खाली आले. पुढं पुढं तर आम्हाला लाईट जाण्याची वाट बघायची सवय लागली. शेंगा फोडत पिशोरच्या गोष्टी चालायच्या. त्यातल्या निम्म्या खोट्या होत्या, आणि त्याच चांगल्या होत्या. मयूरीच्या बारावीच्या वेळी कागद उडतात म्हणून तुम्ही तो एकमेव पंखाही बंद केलात आणि आम्हा सगळ्यांना घामात, तोंडातून शब्द न काढता बसवलंत. भाऊजी शिंकले तर तुम्ही डोळे वटारलेत. पोरगी पास झाली तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटले आणि सांगितलंत, "आमच्या बॅटरीवर शिकली."

आणि लाईट परत आली की मी उठायला लागायची. तुम्ही हात धरून खाली बसवायचात. "बस गं. परत जाईल." बहुतेक वेळा जायची नाही. तरी तास-दीड तास आम्ही तिथंच.

दसऱ्याला तुम्ही बॅटरीची पूजा करायचात, हे काही नवल नाही. आपल्याकडे त्या दिवशी स्कूटरपासून खलबत्त्यापर्यंत कुणीच सुटत नाही. अशाच एका दसऱ्याला मी ताट धरून उभी होते. बॅटरीला झेंडू, इन्व्हर्टरला झेंडू (त्याच्या जाळीत पाकळ्या जाऊन तो नंतर खोकत होता ते वेगळं), आणि शेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरलाही हार. जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात कॅलेंडर कशाला, असं मी पूर्वी एकदा विचारलं होतं. "तिथीला उजेड लागत नाय," तुम्ही म्हणाला होतात. तर तुम्ही वाकून बॅटरीला कुंकू लावत होता, हॉलच्या पंख्याचा वारा आला आणि कॅलेंडर वर उचललं गेलं. मागं एक स्विच होता. त्याच्या शेजारी वायरमननं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "वर".

करंट पहिल्या दिवसापासून जिना चढायला तयार होता. तुम्ही त्याला कॅलेंडरमागं कोंडून ठेवलं होतंत.

मला राग यायला हवा होता, नाही का? उन्हाळ्याच्या किती दुपारी आम्ही वर शिजून निघालो असतो, खाली आलो नसतो तर. पण मला राग आला नाही. चुली वेगळ्या केल्याबद्दल माफी मागणं तुमच्या स्वभावात नव्हतं, माझ्याही नव्हतं. तुम्ही आपलं करंटला प्रेशर नसल्याचं शास्त्र काढलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही भाजीला गेलात तेव्हा मी मयूरीची चिकटपट्टी आणली आणि कॅलेंडरची खालची कड भिंतीला चिकटवून टाकली, परत वाऱ्यानं उडू नये म्हणून. त्यानंतर त्या भिंतीकडे मी कधी बघितलंच नाही. लाईट गेली की आपली खाली यायची आणि म्हणायची, "नाहीच चढत हो, जाऊबाई." तुम्ही म्हणायचात, "कसं चढंल?"

मला नेहमी वाटायचं, हिला कळलं असेल का की मला कळलंय? विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर दोघींनाही काहीतरी गोड बोलावं लागलं असतं, आणि त्याची आपल्याला सवय नव्हती.

आता रविवारचं. योगेश अजून इथंच आहे. पोरगा गुणाचा आहे, पण पुण्याला राहून त्याला प्रत्येक गोष्ट सोपी करायची खोड लागलीय. भाऊजींना घेऊन जायचं म्हणतो. "बाबा एकटे इथं काय करणार?" भाऊजी काहीच बोलत नाहीत. आयुष्यभर दोघांच्या वाटचं तुम्हीच बोललात, त्यांना आता सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. ते गेले तर हॉलला कुलूप लागणार, आणि हे घर म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन डबे होणार. मी वर भाकरी थापताना हेच डोक्यात घोळवत होते, तेवढ्यात लाईट गेली.

आम्ही तिघंही सवयीनं जिना उतरलो. हॉलमध्ये पंखा चालू होता. भाऊजी तुमच्या जागेशेजारी त्यांच्या जागेवर, आणि तुमची जागा रिकामी. कुणालाच नेमकं कुठं बसावं ते कळेना. योगेश म्हणाला, "काकू, तुम्हाला प्रत्येक वेळी असं खाली यावं लागतं? मी जायच्या आधी वरची लाईन जोडून देतो. बॅटरी दोन्ही मजल्यांना सहज पुरते." आणि वायर कुठून न्यायची ते बघायला तो जिन्याखाली शिरला. मी "अरे, थांब" म्हणेपर्यंत कॅलेंडर ओढण्याचा आवाज आला.

"याला खालून चिकटपट्टी कुणी लावली?" योगेशचा आवाज. आणि मग, "काकू! अहो, स्विच इथंच आहे! 'वर' लिहिलंय. फक्त बंद आहे. आईला माहीतच नसणार!"

तो कॅलेंडर हातात घेऊन बाहेर आला. मी बघत राहिले. ते यंदाचं कॅलेंडर होतं. मी पट्टी लावली होती ती जुन्या, कधीच रद्दीत गेलेल्या कॅलेंडरला. एकदाच लावली होती, जाऊबाई. नवं कॅलेंडर टांगताना यंदाची पट्टी लावली ती तुम्ही. त्याच कडेला, तेवढ्याच लांबीची.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मला माहीत आहे, हे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी शेवटच्या लाईट जाण्यापर्यंत तुम्ही सरळ चेहऱ्यानं म्हणत होतात, "कसं चढंल?" मी सगळ्यांसमोर रडले. तुम्ही गेलात तेव्हा माणसांच्या गर्दीत धड रडता आलं नव्हतं, चहा कुणाला दिला आणि कुणाला नाही यातच वेळ गेला. ते सगळं रविवारी निघालं. योगेश घाबरला. त्याला वाटलं, इतकी वर्षं उकाड्यात बसल्याचं मला वाईट वाटलं. "काकू, रडू नका, आत्ता चालू करतो," म्हणत त्यानं स्विचवर बोट ठेवलं.

"हात काढ," मी म्हणाले. "बॅटरीचा करंट जिना चढत नाही."

"काकू! तुम्ही सायन्स शिकवता!"

"म्हणूनच सांगते."

तो ह्यांच्याकडे बघायला लागला. हे छताकडे. तेवढ्यात भाऊजींनी घसा साफ केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "खरं हाय तिचं," ते म्हणाले. "प्रेशर नसतंय." म्हणजे त्यांनाही माहीत होतं. या घरात न कळलेला एकटा इंजिनिअरच होता.

योगेशनं कॅलेंडर जागेवर टांगलं. मयूरी न सांगता पट्टी घेऊन आली आणि मी कड चिकटवली. मग भाऊजी त्याला म्हणाले, "पुण्याला मी येऊन-जाऊन राहीन. पण इथं बॅटरी हाय. लाईट गेल्यावर ही वरची मंडळी कुठं बसतील?" योगेशनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बॅग भरायचा विषय पुन्हा काढला नाही.

मी स्वयंपाकघरात गेले आणि तुमच्या परातीत कणीक मळली. ताजी. एवढं एक तुमचं ऐकलं, त्यावरून तुम्ही जिंकलात असं समजू नका. पोळ्या झाल्या, सगळे जेवले. मला तुमची फार आठवण आली. फोटोतल्या शांत स्वभावाच्या बाईची नाही, मिक्सर रिकामा फिरवत उभ्या असलेल्या बाईची.

जेवणं आटोपत होती तेव्हा लाईट आली. वरच्या मजल्यावर आमचा टीव्ही मोठ्यानं बोलायला लागला. मी सवयीनं उठले, भांडी गोळा केली आणि जिन्याकडे वळले. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तुमच्या जागेवरची उशी जरा बाजूला सरकवली.

"बस गं," ते म्हणाले. "परत जाईल."